बस कोणाच्या बापाची

पेणहून रोह्याला एक लग्नाची गाडी जायची. रोज सकाळी निघायची आणि रोज संध्याकाळी परत यायची. चैत्रात लग्न, वैशाखात लग्न, आषाढात देव झोपी गेले तरी हिचं लग्न चालूच. इतकी लग्नं लावून या गाडीनं एकही नवरी कधी घरी आणली नाही. गाडीवर लिहिलेलं होतं, 'सखाराम मोटार कंपनी, गडब'. कंपनीत गाडी ही एकच. आणि तिचा मालक, मॅनेजर, तिकीट तपासनीस आणि इतिहासकार, सगळं मिळून एकच माणूस: आमचा गोविंदा.

रोज लग्न का, तर त्याचं कारण सरकारी होतं. थांबे घेत, माणसं उचलत, तिकिटं फाडत जाण्याचा हक्क एसटीचा. खाजगी गाडीला परवाना मिळायचा तो एका पार्टीचा. एका माणसानं अख्खी गाडी ठरवायची, आपली माणसं भरायची आणि एका ठिकाणी नेऊन सोडायची. लग्नाचं वऱ्हाड असेल, सहल असेल, देवदर्शन असेल. गोविंदानं तिन्हींचा विचार केला. देवदर्शनाला माणसांच्या कपाळी गंध लागतं, सहलीला डबे लागतात. लग्नाला काही लागत नाही. लग्नात कोणीही कोणाचाही मामा असतो.

म्हणून गाडीच्या आरशाला बारा महिने मुंडावळ्या. बॉनेटवर प्लास्टिकच्या झेंडूची माळ, उन्हानं पांढरी पडलेली. पुढच्या काचेवर एक पुठ्ठा, त्यावर नवरा-नवरीची नावं. ती कोणाची, हे गोविंदालाही ठाऊक नव्हतं. पुठ्ठा त्यानं वडखळच्या एका खऱ्या लग्नानंतर मांडवाबाहेरून उचलला होता. त्या जोडप्याला पुढे मूल झालं, मूल बालवाडीत जाऊ लागलं, तरी आमच्या गाडीवर त्यांचं लग्न लागायचंच होतं.

वाटेत तपासणी झालीच तर पुढं व्हायची धोंडुबाई. ही गडबची, खाडीकाठची. सुकी मच्छी घेऊन रोह्याच्या बाजारात बसायची. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. गोविंदानं तिला पहिलं आसन दिलं होतं आणि वरमाय नेमलं होतं. साहेब चढला की तिनं पदर डोक्यावर घ्यायचा आणि म्हणायचं, "वराड हाय साहेब. मी वरमाय." मच्छीच्या टोपल्या म्हणजे रुखवत. साहेब नाकाला रुमाल लावायचा, शुभेच्छा द्यायचा आणि उतरायचा. पण माणूस रोज जे बोलतो ते हळूहळू त्याच्या अंगात येतं. धोंडुबाई खरीच वरमाय झाली. नागोठण्याला चहा आधी दुसऱ्याला दिला की रुसायची.

"माझा मान नको ठेवूस," ती कंडक्टर जगनला सुनवायची. "पन वरमायचा तरी ठेव!"

"कोनाची गो वरमाय तू?" जगन हसायचा.

"तुझे मालकाला इचार. रोज माझे पोराचा लगीन लावतंय तो."

आता गोविंदाबद्दल सांगतो. माणूस तसा साधा, शेजारच्या कोणत्याही गावात सापडेल असा. भाताच्या खाचरांच्या कडेला वाढला, सातवीपर्यंत शिकला, एसटीत कंडक्टर झाला. तिथून तो बाहेर पडला की त्याला बाहेर काढला, यावर गडबच्या देवळापुढे अजून दोन तट आहेत. त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की आपल्या अंगात मालकाचं रक्त होतं, ते खाकीत मावेना. सन एक्क्याण्णवला एका कारखान्यानं मोडीत काढलेली बस त्यानं घेतली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगारी बोलावून ती रंगवली. म्हणून तिच्या दिव्यांना पापण्या होत्या आणि पुढचा भाग असा काही गुलाबी होता, की भाद्रपदात लहान पोरं तिला हात जोडत.

रंगाऱ्यानं विचारलं, "शेठ, स्थापना कधीची घालू? या वर्षीची?"

गोविंदा विचारात पडला. कालच्या कंपनीवर कोण विश्वास ठेवणार? नवी कंपनी म्हणजे नवा जावई, टिकेल की नाही कोण सांगणार. तो म्हणाला, "घाल, स्थापना एकोणीसशे पस्तीस."

हा आकडा त्यानं हवेतून काढला नव्हता. इथंच सगळी गोम आहे. सन पस्तीसला पेण-रोहा रस्त्यावर पहिली मोटार खरंच सुरू झाली होती आणि गोविंदाचा बाप सखाराम तिच्यावर खरंच होता. मात्र मोटार त्याची नव्हती. मोटार होती पेणच्या रूबेन पेणकरांची. 'रूबेन मोटार सर्व्हिस'. रूबेन आमच्याकडच्या यहुद्यांपैकी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. त्यानं घाणा विकून मोटार घेतली. मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा गाडीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बांधली आणि त्या धुरावर ती भिसे खिंड चढवली. भट्टीत कोळसा घालायचा तो सखाराम. सकाळी हँडल मारायचा तो सखाराम. चढावर गाडी मागे सरकली की चाकामागे दगड लावून तिथंच उभा राहायचा तोही सखाराम. सखाराम क्लीनर. गावातली म्हातारी माणसं त्याचं कौतुकच करायची, की खिंडीत त्याचा दगड कधी चुकला नाही.

पुढे एसटी आली, खाजगी मोटारी थांबल्या. रूबेनची गाडी गेली. मग त्याचे भाऊबंद एकेक करून बोटीनं इस्रायलला गेले. रूबेन गेला नाही. म्हणाला, रस्ता सोडून कुठं जाऊ? त्याच्या मागं राहिला मुलगा बेंजामिन. लग्नाच्या मुली सगळ्या बोटीनं गेल्या, म्हणून तो एकटाच राहिला. रोह्यात त्यानं टायपिंगचा क्लास काढला. आमच्या दोन तालुक्यांतल्या किती पोरांच्या सरकारी नोकऱ्या त्याच्या खटखटाटातून निघाल्या, ते कोणी मोजलेलं नाही. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. शनिवार सोडून रोज तो पेणहून गोविंदाच्या गाडीनं जायचा आणि रोज त्याला ते वाचावं लागायचं: 'सखाराम मोटार कंपनी, स्थापना १९३५'.

चार वर्षं तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं, पण गोविंदा गाडी दारात थांबवायचा. कोणाचं दूध उतू जाईपर्यंत थांबायचा, कोणाची भाकरी फुगेपर्यंत थांबायचा. दारात थांबणाऱ्या माणसाचा इतिहास कोण तपासतो? एवढ्यावर आम्ही विकलो गेलो. स्वस्तात गेलो, हे खरं.

सन पंच्याण्णव उजाडलं आणि गोविंदाच्या लक्षात आलं की आपल्या कंपनीला साठ वर्षं झाली. चार वर्षांच्या गाडीचा हीरक महोत्सव! दसऱ्याला करायचा ठरला. आमदारांना बोलावणं गेलं. गाडी नव्यानं रंगवायची ठरली, आणि कंपनीचा इतिहास छापून वाटायचा ठरला. इतिहास गोविंदानं स्वतः सांगितला, जगननं उतरवून घेतला आणि टाइप करायला दिला कोणाला? बेंजामिनला. तालुक्यात मराठी टाइपरायटर त्याच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेणला गाडी सुटते त्या रामवाडीच्या कोपऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, बेंजामिन कागद घेऊन गोविंदापुढं उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"गोविंदा, सगळं टाइप करतो. फक्त एक ओळ घाल. गाडी रूबेनची होती."

गोविंदा चहा पीत होता. त्यानं कप बशीत ठेवला, भोवतीच्या माणसांकडं पाहिलं. माणसं जमली की त्याला विनोद सुचायचा.

"काका, बस काय तुमच्या बापाची हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. हे वाक्य आपल्याकडं इतकं रुळलेलं, की ते ऐकून हसू आपोआप येतं, कानाला विचारत नाही. रोज कोणी ना कोणी ते कोणाला तरी म्हणत असतं, खिडकीच्या जागेवरून, छत्रीच्या पाण्यावरून.

बेंजामिन हसला नाही. म्हणाला, "व्हय. बापाचीच."

मग आणखी मोठा हशा झाला. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडीत चढला. त्या दिवसापासून गोविंदाला नवा छंद लागला. बेंजामिननं काच उघडली की विचारायचा. पाय लांब केले की विचारायचा. "बस काय बापाची हाय?" आणि बेंजामिन प्रत्येक वेळी म्हणायचा, "व्हय." त्याच्या बापाचं नाव त्या पत्र्यावर लागतं की कायमचं पुसलं जातं, हे दसऱ्याला ठरणार होतं, आणि सगळ्या गाडीला त्याची गंमत वाटत होती.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात लग्न नाही. चातुर्मासात एक वेळ 'काढीव मुहूर्त' म्हणून डोळा मिचकावता येतो, नवरीची घाई असते कधीकधी. पितरांच्या पंधरवड्यात ती सोय नाही. म्हणून दर वर्षी या दिवसांत गोविंदा मुंडावळ्या उतरवायचा आणि सगळ्यांना बजावायचा, "आजपासून आपन तेराव्याला चाललोय." लोक त्या पंधरवड्यात डोक्याला टोप्या घालून गप्प बसायचे. धोंडुबाईला तेवढा राग यायचा. तिचा नवरा धडधाकट होता. "मी कोनाला रडू?" ती विचारायची.

त्या वर्षी महोत्सवाच्या गडबडीत गोविंदानं बजावलं ते फक्त रामवाडीला चढलेल्यांना. मुंडावळ्या उतरवायचं राहिलं. वडखळ, गडब, नागोठणं इथं चढलेल्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

मंगळवार होता. नागोठणं सोडलं, खिंडीचा चढ सुरू व्हायच्या आधी रस्त्यात जीप आडवी. बदलून आलेला नवा निरीक्षक, नगरकडचा. पुंडलिक ड्रायव्हरनं गाडी थांबवली. निरीक्षक आत चढला.

"कुठं चाललात सगळे?"

धोंडुबाईनं पदर डोक्यावर घेतला. "वराड हाय साहेब. मी वरमाय."

आणि त्याच क्षणी मागच्या बाकांवरून रामवाडीची मंडळी जड आवाजात म्हणाली, "तेराव्याला चाललोय, साहेब."

इंजिन बंद पडलं. निरीक्षकानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं.

"म्हणजे नवरदेवाचंच तेरावं आहे काय?"

"अगो बाय!" धोंडुबाई किंचाळली. "माझे पोराला काय बोलतंय यो!"

"बाई, पितृपक्ष चालू आहे. मी नगरचा असलो तरी पंचांग तिकडंही हेच असतं." मग त्यानं गोविंदाला बोलावलं. "मालक तुम्ही? एकाच पार्टीची गाडी हवी. इथं निम्मी माणसं अक्षता टाकतायत, निम्मी पिंड पाडतायत. गाडी फिरवा, पेणला घ्या. परवान्याचं काय करायचं ते तिथं बघू."

गोविंदाचा चेहरा बॉनेटवरच्या माळेसारखा पांढरा झाला. परवाना गेला की गाडी गेली. गाडी गेली की शेठ गेला आणि उरला तो खाकीत न मावलेला गोविंदा. तो इकडं तिकडं बघू लागला, आणि बघता बघता त्याची नजर तिसऱ्या बाकावर जाऊन थांबली. तिथं बेंजामिन चष्मा पुसत बसला होता. गोविंदा त्याच्याजवळ वाकला. कुजबुजला, पण गोविंदाची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

"काका, तुमच्यात पितृपक्ष नसतो ना?"

"नाय."

"मग तुमचा लगीन हाय म्हना. पाया पडतो तुमच्या."

"गोविंदा, आमचा नव्याचा सण आठवड्यावर आलाय. वर्षाचा हिशोब देवापुढं मांडायचे दिवस. आता खोटं बोलू?"

"मग खरं बोला! काय पन बोला, पन वाचवा!"

बेंजामिननं चष्मा डोळ्यांवर ठेवला. "खरं बोलू? बघ हां. मग तुला पन बोलावं लागेल."

"बोलतो! आईची शपथ!"

बेंजामिन उठला, शर्ट नीट केला आणि निरीक्षकापुढं जाऊन उभा राहिला. निरीक्षकानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"बेंजामिन रूबेन पेणकर. आम्ही यहुदी. आमच्यात या पंधरवड्यात लग्न चालतं."

"आणि तुम्ही नवरदेव?"

"माझं लग्न अजून झालेलं नाही."

"ही सगळी माणसं तुमची?"

बेंजामिननं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आम्ही माना खाली घातल्या. "लहानपणापासून माझीच म्हणत आलोय," तो म्हणाला.

"ही वरमाय?"

"चार वर्षं पाहतोय, साहेब. वरमायच आहे."

धोंडुबाईनं नाक वर केलं. निरीक्षकाच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यानं ते दाबलं. "ते राहू द्या. गाडी एका माणसानं ठरवलेली लागते. कोणी ठरवली?"

"घरच्या गाडीला ठरवायचं काय? ही कंपनी माझ्या बापाची आहे."

निरीक्षक खाली उतरला. गाडीच्या अंगावरची अक्षरं त्यानं सावकाश वाचली, परत पायरीवर आला आणि गोविंदाला सरळ, अगदी सरकारी आवाजात विचारलं, "काय हो, ही बस यांच्या बापाची आहे?"

ते वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. त्याचं उत्तर द्यायचं असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोणी हसलं नाही.

"व्हय साहेब."

"मोठ्यानं बोला."

"व्हय साहेब. यांच्या बापाची. रूबेनशेठची."

"मग हा सखाराम कोण? संस्थापक?"

"सखाराम..." गोविंदानं मदतीसाठी आमच्याकडं पाहिलं. पन्नाशीच्या पुढचे सगळे खिडकीबाहेर पाहत होते, भात कसं आलंय ते. "सखाराम क्लीनर."

"कोणाचा?"

"यांच्या बापाचा. तो माझा बाप."

मागच्या बाकावरून एक म्हातारा पुटपुटला, "चांगला क्लीनर व्हता. दगड कधी चुकला नाय त्याचा." बेंजामिननं मान हलवली. म्हणाला, "माझ्या बापाचा त्याच्यावर फार जीव होता." गोविंदानं हे कधी ऐकलंच नव्हतं. तो बापाला मालक करण्यात इतका गुंतला होता, की बापाची कोणी तारीफ केली तर ती घ्यायलाही मोकळा नव्हता.

निरीक्षक मूर्ख नव्हता. त्यानं सगळं ओळखलं होतं. तो म्हणाला, "ठीक. एका पार्टीची गाडी म्हणता, तर एका पार्टीसारखी जाऊ द्या. मी जीप घेऊन मागून येतो. रोह्यापर्यंत कोणी उतरायचं नाही, कोणी चढायचं नाही."

मग काय हाल झाले! खिंड उतरल्यावर ज्यांची गावं आली त्यांना आपली घरं खिडकीतून बघावी लागली. एका बाईनं ओरडून सुनेला सांगितलं की आमटी उतरव, मी लग्नाला चाललेय. थांब्यांवरची माणसं हात करत राहिली आणि गाडी पापण्या न लववता पुढं गेली. रोह्याला सगळं वऱ्हाड बेंजामिनच्या क्लासच्या दारात उतरलं. मंडप नव्हता, नवरी नव्हती. दहा-बारा पोरी टाइपरायटरवर बोटं ठेवून बाहेर बघत होत्या. निरीक्षकानं दारातून आत पाहिलं, बेंजामिनचा चहा घेतला आणि गोविंदाला एवढंच म्हणाला, "गाडीवर नाव मालकाचं लागतं. पुढच्या खेपेला मी नाव वाचूनच गाडी सोडीन." आणि गेला.

पुढचे दिवस पेणपासून रोह्यापर्यंत बेंजामिनला लोक पेढे मागत होते. गोविंदा मात्र त्याच्यासमोर यायचं टाळत होता. पण शब्द दिला होता, शपथ आईची होती, आणि भरल्या गाडीनं ऐकलं होतं. वर निरीक्षकाची जीप अधूनमधून खिंडीत दिसायचीच.

दसऱ्याला रामवाडीच्या कोपऱ्यावर महोत्सव झाला. आमदार आले नाहीत, त्यांचा हार आला. गोविंदानं भाषण केलं. आपण फार खोल संशोधन करून कंपनीचे खरे संस्थापक शोधून काढले, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच लोकांनी, ज्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. बेंजामिनला शाल दिली. छापलेल्या इतिहासात ती एक ओळ होती, आणि तिच्याखाली गोविंदाचा फोटो, अर्धं पान.

मग गाडीवरचा पडदा काढला. हिरव्यावर पिवळी, गणपतीच्या रंगाऱ्याच्या हातची घोटीव अक्षरं: 'रुबेन मोटार सर्व्हिस'. खाली थोडी लहान: 'क्लीनर सखाराम यांच्या स्मरणार्थ'. ही दुसरी ओळ बेंजामिननं घालायला लावली, असं मागून कळलं.

नारळ फुटला. माणसं गाडीत चढली. रोह्याला बाजार होता, धोंडुबाईच्या टोपल्या वर गेल्या, पुंडलिकनं इंजिन सुरू केलं. बेंजामिन मात्र खालीच उभा. मान वर करून वाचत होता.

"काका, चढा की," गोविंदा म्हणाला. "मनासारखा झाला ना सगळा?"

"रू दीर्घ पाहिजे."

"काय पाहिजे?"

"रु ऱ्हस्व काढलाय. माझ्या बापाचा रू दीर्घ होता."

"काका, वाचता येतंय ना? गाडी भरलेय, माणसं खोळंबल्येत!"

"खोळंबू दे," बेंजामिन म्हणाला.

गोविंदानं तोंड उघडलं. आम्ही सगळे खिडक्यांतून त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं ते मिटलं, रंगाऱ्याला हाक मारली, आणि शिडी धरायला स्वतः जाऊन उभा राहिला. रंगारी वर चढला, डबा उघडला, ओला कुंचला हळूहळू फिरवू लागला. उन्हं चढत होती, मच्छीचा वास सुटला होता, मागची माणसं शिव्या देत होती, पुंडलिकनं इंजिन बंद केलं. बेंजामिन खालून सांगत होता, "आणखी जरा. शेपूट बाहेर घे. हां, अजून."